तक्त्याची शेवटची ओळ

पाहुणे जाणार हे मंत्र्यांच्या आधी मला कळलं होतं. डोंगरावरच्या तळावरचे ते परदेशी शिपाई आमच्या दुकानात चष्मे दुरुस्तीला टाकायचे आणि महिना महिना न्यायला फिरकायचे नाहीत. एके दिवशी सगळे एकदम आले आणि काम झालेलं असो नसो, आपापला चष्मा मागून घेऊन गेले. ज्याला परत यायचं असतं तो माणूस मोडकी दांडी घेऊन जात नाही. मी बाबांना म्हटलं, हे चालले. बाबा म्हणाले, तुझं आपलं काहीतरीच असतं, मित्र असे उठून जातात होय.

गेले. बाबांच्या लहानपणापासून ते त्या डोंगरावर होते. सीमेपलीकडे काय हलतंय ते दाखवणारं एक भलंमोठं यंत्र त्यांनी तिथे बसवलं होतं आणि त्याच्या भरवशावर आमचा अख्खा देश पाय पसरून झोपत होता. ते यंत्रही त्यांनी ट्रकवर चढवून नेलं. टीव्हीवर मंत्री म्हणाले, मैत्री अबाधित आहे, फक्त तिचं स्वरूप बदललंय. म्हणजे नवरा सामान घेऊन गेला, पण लग्न अबाधित आहे. यापुढे आपण आपल्या पायांवर उभे राहणार, असंही ते म्हणाले. पाय अर्थातच आमच्या पोरांचे होते.

बघता बघता शहराचा रंग बदलला. शाळेच्या सभागृहात भरती सुरू झाली. शाळेचे गणवेश शिवणारा शिंपी खाकी शिवायला लागला, कोपऱ्यावरची बेकरीवाली सैन्यासाठी टोस्ट भाजायला लागली. लोक रांगेत उभं राहिल्यासारखे हळू बोलायला लागले. आमच्या दुकानात मात्र तेच चाललं होतं. पुढे दुकान, मागे घर. बाबा डोळे तपासतात. मी काचा घासते, फ्रेमा बसवते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण बाबांना बोलायला आवडत नाही आणि मला गप्प बसता येत नाही.

घरात तिसरा माझा धाकटा भाऊ, भिंग्या. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. त्याचा नंबर उणे नऊ. चष्मा काढला की हाताच्या अंतरापलीकडे त्याचं जग संपलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला मीच वाढवलं, आणि वाढवलं ते दुकानातच, तपासणीच्या खुर्चीमागे. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक तो वाचतंय आणि मागे चटईवर हे पोर चमचा चोखत ऐकतंय. बडबडगीतांच्या आधी त्याला तक्ता आला. तोही डोळ्यांनी नाही, कानांनी. कुठल्या ओळीवर माणसाचा आवाज उतरतो, कुठे तो 'व' म्हणू की 'ब' म्हणू असा घुटमळतो, कुठे पुढे झुकतो आणि बाबा त्याला मागे टेकायला सांगतात, हे सगळं त्याला पाठ. जेवताना तो नक्कल करायचा. म्हातारं गिऱ्हाईक, लाजणारी मुलगी, काही दिसत नसताना सगळं दिसतंय असं दाखवणारा मास्तर. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. बाबासुद्धा हसायचे, आणि बाबा हसले तो दिवस आम्ही लक्षात ठेवायचो.

तक्त्याची शेवटची ओळ फार बारीक होती. ती सरळ, न चुकता वाचणारी माणसं बाबांना उभ्या आयुष्यात मोजकीच भेटली. कुणी वाचली की बाबा तपासणी थांबवून त्याला चहा पाजायचे.

पाहुण्यांबरोबर सैन्याची बरीच सामग्री गेली, त्यात डोळे तपासायचे तक्तेही गेले. सगळं त्यांच्याकडूनच यायचं, त्यांच्याच लिपीत. तेव्हा भरतीच्या डॉक्टर आमच्या दुकानात आल्या. आम्ही त्यांना कॅप्टनबाई म्हणायचो. थकलेली, सरळ बोलणारी बाई होती. त्यांनी बाबांना विचारलं, तुमचा तक्ता छापून घेता येईल का, सगळ्या भरती केंद्रांना पुरेल इतका. हा तक्ता बाबांनी तरुणपणी स्वतः आखलेला होता, प्रत्येक अक्षराची उंची मोजून. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तक्ता स्वतः छापखान्यात घेऊन गेले. पहिली प्रत सभागृहाच्या भिंतीवर त्यांनीच लावली, योग्य अंतरावर, योग्य उंचीवर. देशाने त्यांच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. अक्षरं बदलून नवा तक्ता आखावा हे त्यांच्या मनातही आलं नाही. का यावं? तक्ता बरोबर होता.

भिंग्याचं बोलावणं आलं तेव्हा मी निर्धास्त होते. उणे सहाच्या पुढचा माणूस लढाईवर घेत नाहीत, त्याला शहरातच कुठल्यातरी कोठारात कारकुनी देतात, हे आम्हाला कॅप्टनबाईंनीच सांगितलं होतं. आयुष्यभर मी त्याच्या डोळ्यांना नावं ठेवली, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे आभार मानले. सकाळी त्याला म्हटलं, जा आणि कारकून होऊन ये. तो म्हणाला, बघू.

दुपारी आला तो डोक्यावरचे केस कापूनच. टेबलाशी बसला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, पास.

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग त्याने सगळं सांगितलं. आत जायच्या आधी चष्मा खिशात टाकला, पुढच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायच्या रेषेपर्यंत पोचला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डागाकडे बघून तक्ता म्हणून दाखवला. मधल्या ओळीत एके ठिकाणी मुद्दाम घुटमळला. एक अक्षर चुकला आणि सुधारलं. बाबा ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, शेवटची ओळ?

"तीपण वाचली," भिंग्या म्हणाला.

बाबा खाली बसले. चौथ्या ओळीवर थांबला असतास तर साध्या पलटणीत गेला असतास, म्हणाले, शेवटची कशाला वाचलीस. भिंग्याने मान खाली घातली. थांबताच आलं नाही, म्हणाला. सगळे बघत होते, एक शिपाई म्हणाला, काय नजर आहे पोराची. माझ्या डोळ्यांना आजवर कुणी बरं म्हटलं नव्हतं, बाबा.

त्याला टेहळणीत टाकलं होतं. डोंगरावर, जिथून पाहुण्यांनी यंत्र नेलं त्या जागी आता माणसं बसणार होती. चांगल्या डोळ्यांची माणसं. ती रात्रंदिवस पलीकडे बघणार आणि त्यांच्या भरवशावर खालची छावणी झोपणार. टेहळणीवाल्याला चष्मा चालत नाही, उन्हात काच लांबून चमकते. डोळ्यांत बसवायच्या लेन्स त्याला सोसत नाहीत, एकदा घातल्या होत्या तेव्हा बुबुळाला जखम झाली होती. मी त्याला नको नको ते बोलले. तू मरशील ते मरशील, तुझ्या जिवावर झोपलेल्यांना पण मारशील, म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. त्याच्या बरोबरीचे सगळे चाललेत, म्हणाला, मी काय इथं बसून लोकांच्या दांड्या पिळत राहू? चोरून चष्मा लावीन, कुणाला कळणार नाही. आठवडाभरात तो नदीपलीकडच्या शिबिरात गेलाही. मी त्याच्या पिशवीत मोज्यांच्या आत त्याचा चष्मा आणि एक जादा, असे दोन चष्मे लपवून दिले. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर बाबांनी दुकानात लक्ष देणं सोडलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसून तक्ता वाचायला लागलं की ते खिडकीबाहेर बघत. एकाला चुकीचा नंबर दिला, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. अखेर एका सकाळी दुकान उघडलंच नाही. चल, म्हणाले. आम्ही कॅप्टनबाईंकडे गेलो. वाटेत त्यांनी मला सांगितलं, मी खरं काय ते सांगणार. पोराला शिक्षा होईल, माझीही अब्रू जाईल, पण तो जिवंत राहील.

कॅप्टनबाई शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत बसत. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. बाबांनी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, तुमच्या गल्लीचं पाणीच वेगळं. या शहरातून फक्त सहा मुलांनी शेवटची ओळ वाचली आणि सगळी तुमच्या आजूबाजूची. सहाही टेहळणीत गेलीत.

मी बाबांकडे पाहिलं. सहा. ती कोण कोण असतील ते मला न विचारता कळलं, कारण त्या प्रत्येकाच्या नाकावर मी स्वतः चष्मा बसवला होता. भिंग्याने मित्रांना तक्ता शिकवला होता. बरोबर जायचं म्हणून या पोरांनी जिन्यात बसून पाढे पाठ करावेत तसा तो पाठ केला होता. धडधाकट डोळ्यांची पोरं चौथ्या-पाचव्या ओळीवर अडली, जशी कुठलीही चांगली नजर अडते. शेवटची ओळ वाचली ती फक्त ज्यांना भिंतच दिसत नव्हती त्यांनी. आणि त्यांना वेचून वेचून देशाने डोंगरावर बसवलं होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ऐकलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

बाबांनी सगळं सांगितलं. कॅप्टनबाई उठल्या आणि दार लावून आल्या. मग म्हणाल्या, त्यांना दुर्बिणी मिळणार आहेत, दुर्बिणीचं चाक फिरवलं की कुणालाही स्पष्ट दिसतं.

"दुर्बीण कुठे रोखायची ते आधी उघड्या डोळ्यांना दिसावं लागतं," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे."

त्यांनी जे सांगितलं ते आगीतून फुफाट्यात टाकणारं होतं. यादी वर गेली होती, या रविवारी मंत्री डोंगरावर जाऊन या पोरांबरोबर फोटो काढणार होते. आता खरं बाहेर आलं तर सहाही जणांवर सैन्याला फसवल्याचा खटला. तुरुंग नाही, हल्ली तुरुंगात कुणाला ठेवत नाहीत, सुरुंग काढायच्या तुकडीत पाठवतात. शिकवणाऱ्याला सगळ्यांत आधी. पण एक वाट होती. शिबिरात कुणाचे डोळे आले तर साथ पसरू नये म्हणून त्याला त्याच दिवशी घरी धाडता येतं आणि मग परत बोलावणं डॉक्टरच्या हातात असतं. त्या विसरून जाऊ शकतात.

"एकाचे डोळे येऊ शकतात," कॅप्टनबाई म्हणाल्या. "सहा जणांचे आले तर वरून तपासायला माणसं येतील, आणि ती वेगळ्या अक्षरांचा तक्ता घेऊन येतील."

बाबांनी विचारलं, बाकीच्या पाचांचं काय? त्या म्हणाल्या, मी एकाबद्दल बोलतेय, उद्या सकाळी माझी जीप शिबिराकडे जाईल, तुम्ही चला आणि तुमचा मुलगा घेऊन या. मग त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी त्यांचे आभार मानले. बाबांनी मानले नाहीत.

परत येताना बेकरीवरून आलो. त्या बाईचा एकुलता एक बारक्या त्या सहांत होता. उणे सात. तिने हात हलवला, मी न पाहिल्यासारखं केलं. मला त्या घडीला फक्त माझा भाऊ हवा होता. बाकीच्यांच्या आया त्यांचं बघून घेतील, असं मी मनात म्हटलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा जीपमधून गेले. मी घर झाडून घेतलं. भिंग्याची चादर बदलली, त्याच्या आवडीचं शिजवलं, शेजारणीला सांगून टाकलं की त्याचे डोळे आलेत आणि तो घरी येतोय, कुणी भेटायला येऊ नका. त्याला दोन महिने काळा चष्मा लावून मागच्या खोलीत बसवायचं ठरवलं. चिडेल, चिडू दे. नक्कल करून दाखव म्हणेन. गाणं मला येत नाही, पण त्या दिवशी मी काचा पुसताना गुणगुणत होते.

दुपार कलल्यावर जीप कोपऱ्यावर थांबली. दारातून मला दोघं उतरताना दिसले. बाबा, आणि त्यांचा दंड धरलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, बारीक केसांचा मुलगा. तो ठेचकाळला तेव्हा बाबांनी त्याला सावरलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी आत जाऊन गॅस पेटवला, अन्न गरम करायला ठेवलं आणि पुन्हा दारात आले.

ते दोघं बेकरीपाशी थांबले होते. बाबा दार वाजवत होते. आता काय काम काढलं यांनी, सरळ घरी यायचं सोडून, असं माझ्या मनात आलं. मग बेकरीचं दार उघडलं, ती बाई पिठाच्या हातांनी त्या मुलाच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडायला लागली. मी तशीच उभी राहिले. आत काहीतरी करपल्याचा वास यायला लागला.

बाबा एकटे आले. खुर्चीत बसले, तपासणीच्या. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. बारक्या पहिल्या दिवसापासून रडत होता, खात नव्हता. मित्र चालले म्हणून तोही शिकला होता, कुणी मागे राहत नाही म्हणून तो राहिला नव्हता, एवढंच. भिंग्याला बाबांनी बाजूला नेऊन सगळं समजावलं, तेव्हा तो म्हणाला, मग याला न्या. बाबांनी त्याला दरडावलं, विनवलं, शेवटी त्याच्यापुढे हात जोडले. जीपवाला घाई करत होता. भिंग्या म्हणाला, "बाबा, त्या पाचांना तक्ता मी शिकवलाय. मी घरी येऊन कुणाच्या आईला तोंड दाखवू?"

"आणि तुम्ही ऐकलंत?" मी म्हटलं. "तो पोर आहे, तुम्ही बाप आहात. कानाला धरून आणायचा."

मला त्यांचा राग आला, भिंग्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या रडक्या बारक्याचा आला, जो चार दारं सोडून आपल्या आईच्या कुशीत होता. त्याचा यात काडीचा दोष नव्हता. तरी मला वाटलं, हा का परत आला.

थोड्या वेळाने बेकरीवाली आली. पदरात गरम पाव होता. माझे हात धरून उभी राहिली. तिला वाटत होतं, पोराचे डोळे आलेत आणि बाबा वाटेत भेटले म्हणून घेऊन आले. भिंग्या कसा आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. पाव घेतला आणि दार लावलं.

ती गेल्यावर बाबांनी भिंतीवरचा तक्ता उतरवला, गुंडाळला आणि कपाटामागे उभा करून ठेवला. पुन्हा खुर्चीत बसले. मी विचारलं, चष्मा तरी लावतो का तो तिथे? बाबांनी नाही म्हणून मान हलवली. मोज्यातले दोन्ही चष्मे सामानाच्या झडतीत सापडले होते, कुणाचे म्हणून विचारलं तेव्हा त्याने ओळख दाखवली नाही.

मग ते म्हणाले, "शिबिराच्या फाटकावर पहाऱ्याला तोच होता. मी समोरून चालत गेलो. लख्ख ऊन होतं. त्याने माझ्यावर बंदूक रोखली."

मी हातातला पाव टेबलावर ठेवला.

"कोण आहे म्हणून ओरडला. मी अगं तिथेच होतो, या भिंतीइतका लांब. मी त्याला हाक मारली तेव्हा त्याला कळलं. हसला मग."

बाबांनी समोरच्या मोकळ्या भिंतीकडे पाहिलं, जिथे तक्त्याच्या जागी रंगाचा उजळ चौकोन राहिला होता.

"डोंगरावर जो येईल," ते म्हणाले, "तो आधी हाक मारणार नाही."